मॅनिफोल्डला हीट कोटिंग: टर्बोचं तापमान नेमकं किती बदलतं आणि काम नीट कसं करायचं

एक्झॉस्ट मॅनिफोल्डला, म्हणजे सिलिंडरांतला धूर गोळा करून टर्बोकडे नेणाऱ्या बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) नळ्यांना, बाहेरून कोटिंग केलं की टर्बो थंड राहतो, असं समजून उन्हाळा लागला की मॅनिफोल्ड रंगवायला काढली जातात. हा समज चुकीचा आहे. कोटिंग उष्णता नाहीशी करत नाही, तिची वाट बदलते. जी उष्णता बॉनेटखाली सुटत होती ती धुराबरोबर पुढे जाते, आणि पुढे पहिला भाग येतो टर्बाइनचा, म्हणजे टर्बोतल्या धुराच्या जोरावर फिरणाऱ्या चाकाचा. म्हणजे टर्बाइनला जाणारा धूर थोडा जास्त गरम होतो आणि बॉनेटखालची हवा थंड राहते. नागपुरात मे महिन्यात बाहेरच ४५ अंश असताना ही दुसरी गोष्ट फार मोलाची आहे. म्हणून कोटिंग जरूर करा, पण ते कशासाठी करतोय हे आधी पक्कं असू द्या.

इथे डिझेल पिकअप, टेम्पो आणि ट्रक डोळ्यासमोर आहेत: मृग बहाराची संत्री मार्च-एप्रिलच्या उन्हात कळमन्याहून उत्तरेकडे नेणारे, उमरेड पट्ट्यातला कोळसा वाहणारे, वाडीच्या गोदामांतून समृद्धी महामार्गाला लागणारे. पेट्रोल टर्बोचं गणित थोडं निराळं आहे, ते जिथे येईल तिथे सांगितलं आहे.

आधी आकडे

अडीच लिटरचं डिझेल इंजिन धरा. पूर्ण माल, २५०० आरपीएम, दाबलेला ॲक्सिलरेटर. टर्बाइनपूर्वीच्या धुराचं तापमान ७०० अंश सेल्सिअस, बॉनेटखालची हवा ८० अंश. मॅनिफोल्डचा बाहेरचा पृष्ठभाग साधारण ०.१ चौरस मीटर, म्हणजे दीड ए-फोर कागदाएवढा. गंजलेलं बीड ८०-८५ टक्के ताकदीने उष्णता किरणांच्या रूपात बाहेर फेकतं. ढोबळ हिशेब केला तर असं मॅनिफोल्ड सुमारे ५७५ अंशांवर स्थिरावतं आणि ३ किलोवॅटच्या आसपास उष्णता बॉनेटखाली सोडतं. त्यावर ॲल्युमिनियमसारखा रुपेरी दिसणारा थर दिला, ज्याची किरण फेकण्याची ताकद ४० टक्क्यांच्या आसपास असते, तर सुटणारी उष्णता २ किलोवॅटच्या जवळ येते. बिडाचं स्वतःचं तापमान मात्र सुमारे ६१५ अंशांवर चढतं.

एक किलोवॅट वाचला. बॉनेटखालचा पाणी तापवायचा एक रॉड बंद केल्यासारखं ते आहे. वायरिंगचे कपलर, व्हॅक्यूमच्या नळ्या, एसीचे पाइप, जवळून जाणारा हवेचा होज या सगळ्यांना तो फरक जाणवतो. पण हाच एक किलोवॅट धुरात राहिला तर धूर किती तापतो? या इंजिनातून त्या वेळी सेकंदाला साधारण ९० ग्रॅम धूर जातो, त्याला एक अंशाने तापवायला ०.१ किलोवॅट लागतो. म्हणजे वाढ सुमारे १० अंशांची. ७०० चे ७१० झाले.

या १० अंशांत टर्बो मरत नाही आणि गाडीचं वेग घेणंही डोळ्यात भरण्याइतकं सुधारत नाही. टर्बाइनला मिळणारी ऊर्जा एखाद्या टक्क्याने वाढते, बस. कोटिंगनंतर गाडी घोड्यासारखी पळायला लागली असं कोणी सांगत असेल, तर मॅनिफोल्ड काढल्याच्या निमित्ताने जुनी फुटकी गॅस्केट बदलली गेली आणि धुराची गळती थांबली, हे त्यामागचं खरं कारण असण्याची शक्यता जास्त आहे.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते आणि ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. बाजारात मिळणारं फवाऱ्याचं पातळ सिरॅमिक कोटिंग साधारण २५ मायक्रॉन जाडीचं असतं. एवढ्या पातळ थरातून उष्णता आरपार जायला जवळजवळ अडथळाच होत नाही. त्याचा परिणाम होतो तो पृष्ठभागाची किरण फेकण्याची ताकद कमी झाल्यामुळे, आणि ती कमी होते रुपेरी, ॲल्युमिनियमयुक्त थराने. मॅट काळं सिरॅमिक दिसायला देखणं आहे, गंज उत्तम रोखतं, पण उष्णता बाहेर फेकण्याच्या बाबतीत गंजलेल्या बिडाच्या जवळपासच असतं. उष्णता अडवायची असेल तर काळा रंग निवडू नका.

कोणता थर कशासाठी

सिलिकॉन-ॲल्युमिनियमचा उष्णतारोधक रंग डब्यात किंवा स्प्रे कॅनमध्ये मिळतो. बहुतेकांची मर्यादा ६०० अंशांच्या आसपास लिहिलेली असते. वरचा हिशेब पाहिलात तर डिझेलच्या मॅनिफोल्डवर तो अगदी कडेला उभा आहे. हलक्या कामाच्या गाडीवर टिकेल, घाट चढणाऱ्या ट्रकवर टर्बोच्या फ्लँजजवळ (जोडाच्या सपाट कडेजवळ) आधी पांढरट पडून पावडरीसारखा झडेल. पेट्रोल टर्बोवर वापरू नका, तिथे धूर ९५० अंशांपर्यंत आणि काही इंजिनांत त्याहूनही वर जातो.

फवाऱ्याचं पातळ सिरॅमिक ही बहुतेकांसाठी योग्य निवड आहे. डब्यावरची मर्यादा वाचून घ्या, डिझेलसाठी किमान ८०० अंश हवी.

तिसरा प्रकार प्लाझ्मा स्प्रेचा: आधी निकेल-क्रोमियम-ॲल्युमिनियम जातीचा ०.१ मिमीच्या आसपासचा पकड थर, त्यावर ०.२ ते ०.३५ मिमी झिर्कोनियाचा थर. हा खरोखर उष्णता अडवतो, पण त्याला खास यंत्रसामग्री लागते आणि गॅरेजमध्ये तो होत नाही. रेसिंगच्या किंवा एकाच जागी तासन्‌तास पूर्ण भारावर चालणाऱ्या इंजिनांना तो शोभतो. मालवाहू पिकअपला त्याची गरज नाही.

मॅनिफोल्डच्या आतून कोटिंग करा, असा सल्लाही मिळतो. कागदावर तो बरोबर आहे, कारण आतला थर बिडालाच थंड ठेवतो. पण टर्बोच्या आधीच्या वाटेत आतून दिलेल्या थराचा एक टवका सुटला तर तो लाखाच्या वर आरपीएमने फिरणाऱ्या टर्बाइनच्या पात्यांवर जाऊन आदळतो. व्हेरिएबल टर्बो असेल तर हलत्या पात्यांच्या फटीत अडकून ती जाम करतो. बीड तापून-निवून फुगतं-आकसतं, सिरॅमिक तितकं फुगत नाही, म्हणून टवका कधीतरी सुटतोच असं धरून चाला. टर्बोच्या आधी आतून काहीही लावू नका.

काचतंतूंची पट्टी गुंडाळणं स्वस्त आहे, म्हणून खूप चालतं. पट्टी कोटिंगपेक्षा कितीतरी जास्त उष्णता अडवते आणि तिथेच तिची अडचण आहे: बीड धुराच्या तापमानाच्या जवळ पोचतं. साडेचारशे मिमी लांबीचं मॅनिफोल्ड ६०० अंशांनी तापलं की तीन मिमीहून जास्त लांब होतं. मॅनिफोल्डला इंजिनाशी धरून ठेवणारे आट्यांचे दांडे म्हणजे स्टड; टोकाच्या स्टडची भोकं मोठी ठेवलेली असतात ती यासाठीच. त्या हालचालीत आणखी ७०-८० अंशांची भर पडली की टोकाचे स्टड तुटतात आणि दोन नळ्यांच्या मधल्या काखेत भेग पडते. शिवाय पावसाळ्यात पट्टी पाणी धरून बसते आणि आतल्या आत गंज चढतो. काही जुन्या ट्रकांवर अजून ॲस्बेस्टॉसची दोरी दिसते. ती कोरडी ओढून काढू नका, तिचे तंतू फुप्फुसात कायमचे बसतात. पाण्याने पूर्ण भिजवून, चांगला मास्क लावून काढा, बंद पिशवीत भरा आणि पुन्हा बसवू नका.

टर्बोचं आयुष्य खरं कुठे ठरतं

टर्बोमध्ये टर्बाइनचं चाक निकेलच्या मिश्रधातूचं असतं, डिझेलच्या तापमानाला ते सहज पुरून उरतं. नाजूक जागा आहे मधलं घर, जिथे शाफ्टचे बुश तेलाच्या थरावर तरंगत फिरतात. तिथे तेलाचं तापमान २५०-३०० अंशांकडे गेलं की तेल जळून काळा कडक कार्बन होतो. तो तेलाची भोकं अरुंद करतो, पिस्टन रिंगसारख्या सीलच्या खाचेत बसतो, मग टर्बो तेल फेकायला लागतो.

इंजिन चालू असताना तेल वाहत राहतं आणि उष्णता घेऊन जातं. धोका असतो बंद केल्यावर. समृद्धीवर दोन तास एका दमात येऊन पंपावर गाडी लावली आणि लगेच चावी फिरवली, की तेल थांबतं. पण टर्बाइनचं घर आणि मॅनिफोल्ड यांच्या बिडात साठलेली उष्णता मधल्या घरात उतरत राहते. बंद केल्यानंतरची पहिली काही मिनिटं मधलं घर चालू गाडीपेक्षा जास्त तापतं.

कोटिंग केलेलं मॅनिफोल्ड आधीच ४० अंशांनी जास्त गरम आहे आणि बाहेर उष्णता कमी फेकतं, म्हणून निवायला जास्त वेळ घेतं. कोटिंगची खरी किंमत आहे ती इथे. म्हणून तीन गोष्टी कोटिंगसोबत बांधून घ्या. पहिली, लांब धाव किंवा चढ संपल्यावर दोन-तीन मिनिटं गाडी निष्क्रिय वेगावर (आयडलिंगला) चालू ठेवून मगच बंद करायची. शेवटचे दोन किलोमीटर हलक्या पायाने आलात तर एक मिनिटही पुरतं. दुसरी, टर्बोच्या मधल्या घरावर कोटिंग, पट्टी किंवा ब्लँकेट काहीच नको. त्याला उघडं राहून निवू द्या. टर्बाइनच्या घरावर रुपेरी थर चालतो, पण मधल्या घराच्या क्लॅम्पपाशी थांबायचं. तिसरी, तेल कंपनीने सांगितलेल्याच दर्जाचं आणि वेळेवर बदललेलं.

कोटिंगच्या आधी पाहायच्या गोष्टी

धुराचं तापमान आधीच जास्त असेल तर कोटिंग ते झाकणार नाही, थोडं वाढवेलच. चोक झालेला एअर फिल्टर, इंटरकूलरच्या (टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या रेडिएटरच्या) जाळीत बसलेली कोळशाची धूळ आणि कापसाचे तंतू, बूस्ट होजची भेग, थेंब टाकणारा इंजेक्टर, यातलं एकेक कारण कोटिंगच्या त्या १० अंशांच्या कितीतरी पट फरक पाडतं. काळा धूर, चढावर दम तोडणं, होजच्या जोडाशी तेलकट ओल आणि शिट्टीसारखा आवाज ही लक्षणं असतील तर मॅनिफोल्डला हात लावू नका, आधी ती कारणं मिटवा. इंटरकूलर धुताना पाण्याचा जोराचा फवारा जाळीच्या पत्र्यांवर तिरका मारू नका, ते वाकतात.

आणि कंपनीची पत्र्याची हीट शील्ड जागेवर आहे का ते बघा. खडखडते म्हणून ती काढून फेकलेल्या गाड्या फार आहेत. मॅनिफोल्डपासून १०-१५ मिमी अंतर ठेवून बसवलेला एक चकचकीत पत्रा किरणांची निम्म्याहून जास्त उष्णता अडवतो आणि बिडाला पट्टीइतकं घुसमटूनही टाकत नाही. शील्ड गायब असेल तर आधी ती आणून बसवा. बऱ्याच गाड्यांचं काम तिथेच संपतं.

बीएस-६ गाडीत धुराच्या वाटेत सेन्सर, उत्प्रेरक आणि डीपीएफ (धुरातली काजळी गाळणारा फिल्टर) आहेत. गरम धूर डीपीएफला आवडतो, तरी वॉरंटी चालू असेल तर अधिकृत वर्कशॉपला विचारल्याशिवाय सुरुवात करू नका.

मोजमाप: आधीचं आणि नंतरचं

मोजलं नाही तर काम झालं की नाही हे कळणार नाही. दोन आकडे हवेत. एक, टर्बाइनपूर्वीचं धुराचं तापमान, के-टाइप थर्मोकपलने (जास्त तापमान मोजणाऱ्या तारेच्या सेन्सरने). त्यासाठी मॅनिफोल्डला भोक पाडून आटे पाडायचे असतील तर मॅनिफोल्ड खाली काढल्यावरच पाडा. गाडीवर असताना पाडलं तर बिडाचा भुगा थेट टर्बाइनमध्ये जातो. टर्बोच्या नंतर बसवलेला थर्मोकपल भारावर १०० ते २०० अंश कमी दाखवतो, म्हणून दोन गाड्यांचे आकडे ताडून बघताना जागा विचारा. डिझेलला टर्बाइनपूर्वी ७०० ते ७२० अंश ही सलग चालवण्याची समंजस सीमा आहे.

दुसरा आकडा बॉनेटखालच्या हवेचा. एअर फिल्टरच्या तोंडाशी आणि मॅनिफोल्डच्या जवळच्या वायरिंगपाशी साधे सेन्सर टांगा. तोच रस्ता, तोच माल, दुपारची तीच वेळ. नवतपाच्या दुपारी आधीचं आणि जुलैच्या संध्याकाळी नंतरचं मोजलं तर त्या तुलनेला काही अर्थ नाही.

पिस्तुलासारख्या इन्फ्रारेड थर्मामीटरने इथे भले-भले फसतात. ते यंत्र पृष्ठभागाने फेकलेले किरण मोजतो आणि पृष्ठभाग ९५ टक्के ताकदीने फेकतो असं गृहीत धरतो. रुपेरी कोटिंग केल्यावर किरण मुळातच कमी निघतात, त्यामुळे मॅनिफोल्ड जास्त तापलेलं असूनही यंत्र खऱ्यापेक्षा शंभराहून जास्त अंशांनी कमी आकडा दाखवतं. ‘बघा, किती थंड झालं’ म्हणून दाखवले जाणारे बहुतेक आकडे असे निघतात. उपाय सोपा आहे: मॅनिफोल्डवर रुपयाच्या नाण्याएवढा एक ठिपका उष्णतारोधक मॅट काळ्या रंगाचा ठेवा आणि आधी-नंतर दोन्ही वेळा त्याच ठिपक्यावर नेम धरा.

काढणं

गाडी पूर्ण थंड हवी. आदल्या रात्री प्रत्येक स्टड-नटवर गंज सोडवणारं तेल सोडा, सकाळी पुन्हा एकदा. बॅटरीची ऋण तार काढा. हवेचे होज, तेलाची येणारी नळी, परतीची नळी, असेल तर पाण्याची नळी काढल्या की प्रत्येक तोंडात लगेच टोपी किंवा स्वच्छ प्लास्टिक. कापसाचा बोळा कोंबू नका, आत राहून जातो. तेलाच्या येणाऱ्या नळीचा बँजो बोल्ट (मधून तेल जाणारा पोकळ बोल्ट) उजेडात धरून बघा. आत काळा कडक थर असेल तर वर सांगितलेली तेल जळण्याची गोष्ट सुरू झालेली आहे. नळी साफ करण्याऐवजी बदला.

नट हलत नसेल तर पान्याला पाइप लावून ताकद करू नका. गॅसने नट लाल करा, स्टड नव्हे. थोडं निवलं की मागे-पुढे करत काढा. हेडमध्ये तुटलेला स्टड काढायला लागणारा दिवस वाचतो.

तपासणी

फ्लँजवर स्टीलची सरळपट्टी ठेवून फिलर गेज (फट मोजायची पातळ पानं) घालून बघा. पूर्ण लांबीत ०.१५ मिमीची पान जात असेल तर फेसिंग करून (मशीनवर सपाट करून) घ्या, नेमकी मर्यादा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असते. फेसिंग कोटिंगच्या आधी. भेगांसाठी लाल डाय पेनेट्रंट वापरा: साफ करून लावा, १५ मिनिटं थांबा, पुसा, पांढरा डेव्हलपर मारा. लाल रेघ उमटली की ती भेग. नळ्यांच्या काखा आणि टर्बोच्या फ्लँजचे कोपरे नीट बघा. भेगलेल्या मॅनिफोल्डवर कोटिंग म्हणजे पैसा वाया. बिडाचं वेल्डिंगही आधीपासून तापवून, निकेलच्या रॉडने, हळूहळू निववून केलं तरच टिकतं. टर्बोच्या फ्लँजजवळ तर नवंच घ्या.

पृष्ठभाग तयार करणं

काम बिघडतं ते इथेच. कोटिंग निघून आलं की दोष डब्याला दिला जातो, पण खाली बघितलं तर बहुतेक वेळा तेल, ओल किंवा गुळगुळीत पृष्ठभाग यांपैकी काहीतरी सापडतं.

आधी डिग्रीझरने धुवा, वाळवा. बीड छिद्राळ असतं, वर्षानुवर्षांचं तेल आत मुरलेलं असतं आणि वरवर धुऊन ते निघत नाही. म्हणून भट्टीत २५० ते ३०० अंशांवर तासभर तापवा. या वेळी मॅनिफोल्डवर तपकिरी ओले डाग उमटतात, ते आतून आलेलं तेल. डाग उमटले तर पुन्हा धुवा, पुन्हा तापवा. ही पायरी गाळली तर पहिल्याच लांब धावेत तेल वाफ होऊन थराला खालून फोड आणतं.

मग ब्लास्टिंग, म्हणजे हवेच्या जोराने बारीक कण मारून पृष्ठभाग खरखरीत करणं. ॲल्युमिनियम ऑक्साइडची ८० ते १२० ग्रिट, ५ ते ६ बार हवा. नदीची रेती वापरू नका, तिची सिलिकाची धूळ सिलिकोसिस करते. काचेचे मणीही नकोत, ते पृष्ठभाग चमकवतात आणि पकड जाते. कॉम्प्रेसरच्या लाइनला पाणी-तेल गाळणारा ट्रॅप हवा. पांढऱ्या कागदावर हवा सोडून बघा, तेलकट ठिपका दिसता कामा नये. गॅस्केटचे पृष्ठभाग, आट्यांची भोकं, थर्मोकपलचं भोक आणि टर्बोचा फ्लँज हे सगळं आधी पत्र्याने, बोल्टने, जाड टेपने बंद करा. नळ्यांची तोंडंही बंद.

झाल्यावर पृष्ठभाग सगळीकडे सारखा राखाडी, हाताला बारीक पॉलिश पेपरसारखा लागायला हवा. लागायला हवा म्हणजे बोटांनी चाचपायचा नाही, स्वच्छ हातमोज्यानेच. बोटांच्या घामाचा ठसा कोटिंगखाली राहतो आणि तिथूनच थर सुटतो. हवेच्या फवाऱ्याने आतून-बाहेरून झटका, प्रत्येक नळीत बॅटरीचा उजेड टाकून बघा, मॅनिफोल्ड उलटं करून लाकडी दांड्याने ठोका, पुन्हा हवा मारा. आत राहिलेला ग्रिटचा एक दाणा पहिल्या स्टार्टला टर्बाइनमध्ये जातो. मग चार तासांच्या आत पहिला हात. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत एवढाही वेळ घेऊ नका, बिडावर तासाभरात पिवळसर झाक येते. आली तर पुन्हा ब्लास्टिंग.

फवारणी आणि पकवणं

डबा नीट हलवा, तळाशी बसलेला ॲल्युमिनियमचा गाळ पूर्ण मिसळेपर्यंत. गाळून घ्या. कमी दाबाच्या फवारणी गनला ०.८ ते १.० मिमी नोझल लावा. आधी काखा, खाचा, मागची बाजू, शेवटी दिसणारी सपाट जागा. दोन पातळ हात, मध्ये डब्यावर लिहिलेला वेळ. एकूण जाडी २५ मायक्रॉनच्या आसपास. जास्त दिलं तर जास्त टिकेल असं वाटतं, पण ५० च्या वर गेलेला थर तापल्यावर तडकून पापुद्र्यासारखा सुटतो. दुपारी ४४ अंशांत पत्र्याच्या शेडखाली फवारू नका, थेंब पृष्ठभागावर पोचेपर्यंत सुकतो आणि खरखरीत, निसटता थर बसतो. सकाळी आठच्या आत उरका. वाफ गाळणाऱ्या कार्ट्रिजचा मास्क लावा, साधा कापडी चालणार नाही.

पकवण्याचं तापमान आणि वेळ डब्यावर असतो, तो जसाच्या तसा पाळा. काही कोटिंग हवेत आपोआप पकतात, सिलिकॉनवाल्यांना साधारण २०० अंशांवर तासभर लागतो. भट्टीत तापमान एकदम चढवू नका; आधी १०० वर अर्धा तास, मग पुढे. पावडर कोटिंगच्या शेडमधल्या भट्ट्या २०० अंशांपर्यंत जातात, हिंगणा-बुटीबोरीला अशा शेडमध्ये विचारता येईल. पण त्यांना आधीच सांगा की हा सिलिकॉनचा रंग आहे. त्याची वाफ त्यांच्या भट्टीत राहिली तर पुढच्या पावडरच्या मालावर माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात, आणि नकार दिला तर तो रास्त आहे. स्वयंपाकघरातली भट्टी यासाठी कधीच वापरायची नाही.

भट्टी नसेल तर गाडीवरच पकवावं लागतं: १० मिनिटं निष्क्रिय वेग, पूर्ण थंड, २० मिनिटं, पूर्ण थंड, मग रिकाम्या गाडीने अर्धा तास हलका रस्ता. या वेळी धूर आणि वास येतो, मोकळ्या जागेत करा.

पुन्हा बसवणं

नवी गॅस्केट, नवे तांब्याचे वॉशर, शंका असेल तर नवे स्टड. आट्यांना निकेलयुक्त अँटीसीझ (आटे जाम होऊ न देणारा लेप), थोडंच. फ्लँजवर कोटिंगचा कण राहिला असेल तर सपाट दगडाने उतरवा, नाहीतर गॅस्केट तिथूनच फुटेल. नट आधी हाताने सगळे बसवा, मग मधून बाहेर जात तीन टप्प्यांत टॉर्क रेंचने आवळा. आठ मिमीच्या स्टडला साधारण २० ते २५ न्यूटन मीटर असतो, तरी आकडा मॅन्युअलचाच धरा. तेलाच्या परतीच्या नळीला सिलिकॉनचा पेस्ट लावू नका; आत आलेली त्याची शेपटी तेलाची वाट बुजवते आणि टर्बो तेल फेकू लागतो. मग सगळे टर्बोलाच दोष देतात.

टर्बोच्या तेलाच्या भोकात १०-१५ मिली स्वच्छ इंजिन ऑइल सोडून शाफ्ट हाताने फिरवा. मग इंधन बंद ठेवून तेलाचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर थोडा थोडा मारा, एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही. नंतरच सुरू करा, दोन मिनिटं रेस करू नका.

नंतर काय बघायचं

पहिल्या ५०० किलोमीटरनंतर थंड गाडीवर नटांचा टॉर्क बघा, गॅस्केट बनवणाऱ्याने पुन्हा आवळायला सांगितलं असेल तरच आवळा. गॅस्केटभोवती काजळीची रेघ म्हणजे गळती.

कोटिंगवरची चिन्हं वाचता येतात. सगळीकडे सारखी फिकट झाक आली तर चिंता नाही. फक्त एका सिलिंडरच्या नळीवर थर जळून पांढरा पडला असेल तर त्या सिलिंडरचा इंजेक्टर तपासा, तिथे धूर इतरांपेक्षा गरम येतोय. पापुद्रे निघून खाली चकचकीत धातू दिसत असेल तर ब्लास्टिंग कमी पडलं. पापुद्र्याखाली तपकिरी डाग असेल तर तेल राहिलं होतं. टर्बोच्या फ्लँजपाशी तेवढाच थर गेला तर तिथलं तापमान त्या डब्याच्या मर्यादेबाहेर आहे, वरचा दर्जा घ्या.

पावसाळा लागायच्या आधी, जूनच्या पहिल्या आठवड्यात, एकदा टर्बोच्या हवेच्या बाजूचा होज काढून शाफ्ट बोटांनी हलवा. बाजूला किंचित हलणं साधारण असतं. पुढे-मागे हाताला जाणवेल इतका प्ले किंवा पातं घराला घासल्याची खूण दिसली तर कोटिंग कसंही असलं तरी टर्बो उघडावा लागेल. आणि गरम मॅनिफोल्डवर पाण्याचा पाइप धरून इंजिन धुणं बंद करा. ५०० अंशांवरच्या बिडावर थंड पाणी पडलं की कोटिंगच काय, मॅनिफोल्डही तडकतं.